१८५७ : एकच वर्ष, एकच सरकारी वकील, तीन पुस्तकं आणि निकाल तीन तऱ्हेचे

मृण्मयी_व

२९ जानेवारी १८५७ ला गुस्ताव्ह फ्लोबेर 'मादाम बोव्हारी'साठी पॅरिसच्या फौजदारी न्यायालयाच्या सहाव्या दालनात आरोपी म्हणून हजर झाला आणि ७ फेब्रुवारीला निर्दोष सुटला. २० ऑगस्टला त्याच दालनात शार्ल बोदलेअर 'ले फ्लर द्यू माल' या संग्रहासाठी हजर झाला. त्याला ३०० फ्रँक दंड झाला आणि सहा कविता काढून टाकायचा हुकूम निघाला. २५ सप्टेंबरला यूजेन स्यूच्या 'ले मिस्तेर द्यू पप्ल' या प्रचंड कादंबरीवर सरसकट बंदी आली. तिन्ही खटल्यांत सरकारी वकील एकच, एर्नेस्त पिनार, वय ३४.

कायदा तोच, वकील तोच, वर्ष तेच, मग निकाल इतके वेगळे का? 'फ्लोबेर नशीबवान, बोदलेअर अभागी' हे उत्तर सगळीकडे मिळतं आणि ते अजिबात पुरत नाही. तिसऱ्या नेपोलियनच्या राज्यात स्त्रीपुरुषांच्या संबंधांबद्दल लिहिणं हे राजकारण नेमकं कुठे होत होतं, ते या तीन निकालांतून दिसतं असं मला वाटतं. ज्यांनी खटल्यांची कागदपत्रं वाचली आहेत त्यांनी कृपया तपशिलासकट लिहावं.

दप्तरी

आधी कायदा बघू, कारण बरेच घोळ तिथेच होतात.

कलम १७ मे १८१९ च्या कायद्यातलं आठवं. 'सार्वजनिक व धार्मिक नीती किंवा सदाचार यांचा अवमान' हा गुन्हा. शिक्षा एक महिना ते एक वर्ष कैद आणि १६ ते ५०० फ्रँक दंड. म्हणजे कायदा साम्राज्याचा नव्हे, चांगला अडतीस वर्षं जुना, पुन्हा गादीवर आलेल्या बूर्बाँ राजांचा. १८५२ च्या फेब्रुवारीतल्या हुकूमनाम्याने बदललं ते न्यायालय. १८३० नंतर छापील मजकुराचे खटले ज्यूरीपुढे चालत आणि ज्यूरी वरचेवर आरोपींना सोडून देई. लुई नेपोलियनने (हाच पुढे तिसरा नेपोलियन) २ डिसेंबर १८५१ ला सत्ता बळकावली आणि अडीच महिन्यांत हे खटले ज्यूरीकडून काढून पगारी न्यायाधीशांकडे दिले. कायद्याचा शब्दही न बदलता त्याची धार वाढली.

दुसरी गोष्ट म्हणजे आरोपी एकटा लेखक नसे. फ्लोबेरसोबत, कादंबरी हप्त्यांनी छापणाऱ्या 'रव्ह्यू द पारी'चा जबाबदार संपादक लोराँ-पिशा आणि मुद्रक पिये हेही होते. बोदलेअरसोबत त्याचे प्रकाशक पूले-मालासी आणि द ब्रॉइझ. मुद्रकाचा परवाना सरकारच्या हातात असल्यामुळे खरी सेन्सॉरशिप न्यायालयात चालायचीच नाही, ती छापखान्याच्या दारात चालायची. मुद्रक घाबरला की काम झालं.

तिसरी, आणि 'बोव्हारी'च्या बाबतीत कळीची. नियतकालिकांना 'इशारे' देण्याची पद्धत होती आणि इशारे साठत गेले की प्रकाशन थांबवता येई. 'रव्ह्यू द पारी' हे प्रजासत्ताकवादी पाक्षिक, सरकारच्या डोळ्यावर आलेलंच, आणि दोन इशारे आधीच पदरात. कादंबरीवरचा खटला हा पाक्षिकाला पकडायचा सोपा मार्ग होता. एका वर्षात ते सरकारने बंद केलंच, जानेवारी १८५८ मध्ये, सम्राटावर ओर्सिनी या इटालियन क्रांतिकारकाने बाँब टाकल्यानंतर. त्या वेळी साहित्याचं निमित्तही लागलं नाही.

कायदेपंडित_नाशिक

दप्तरी, उत्तम मांडणी. यात विवाहाचा कायदा जोडायला हवा. तो डोक्यात नसेल तर एमाची (कादंबरीची नायिका, शार्ल बोव्हारीची बायको) गोष्ट नुसती 'स्वप्नाळू बाईची शोकांतिका' वाटते.

फ्रान्समध्ये घटस्फोट १८१६ मध्ये रद्द झाला आणि १८८४ मध्ये परत आला. म्हणजे या कादंबरीच्या काळात एमाला सुटकेची कायदेशीर वाटच नाही. १८१० च्या दंडसंहितेत व्यभिचारी पत्नीला तीन महिने ते दोन वर्षं कैद. पतीला शिक्षा फक्त त्याने रखेलीला राहत्या घरात ठेवलं तरच, आणि तीही नुसता १०० ते २,००० फ्रँक दंड. पतीने राहत्या घरात पत्नीला रंगेहाथ पकडून मारलं तर तो खून 'क्षम्य' मानायची तरतूद होती. आपल्याकडचं जुनं ४९७ (भारतीय दंडसंहितेतलं व्यभिचाराचं कलम) डोक्यात ठेवून हे वाचू नये. त्यात परपुरुषाला शिक्षा होती, पत्नीला नव्हती.

आता कादंबरीतले पैसे बघा. विवाहित बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय व्यवहार करता येत नसे. म्हणून कापडवाला लरो आधी एमाकडून शार्लचं मुखत्यारपत्र मिळवून घेतो. ते हातात आल्यावरच ती हुंड्यांवर सह्या करते, हुंड्यांची मुदत वाढते, व्याज चढतं आणि शेवटी ८,००० फ्रँकच्या वसुलीसाठी जप्ती येते. रोदोल्फ या पहिल्या प्रियकराकडे ती ३,००० मागते. तो म्हणतो, नाहीत. तिला मारतं ते कर्ज. प्रेमभंग तिने आधी पचवलेले असतात. आणि हे कर्ज उभंच राहतं नवऱ्याने बायकोला दिलेल्या कायदेशीर अधिकारातून. पिनारने आपल्या भाषणात या पैशाच्या बाजूकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याने चार प्रसंग धरले : रोदोल्फशी संबंध, मधला धार्मिक उमाळा, दुसरा प्रियकर लेओं याच्याशी संबंध आणि मृत्यू.

रुआँची_गल्ली

बग्गीच्या प्रसंगाबद्दल सविस्तर लिहिते, कारण त्यावर चुकीची माहिती फार फिरते.

कादंबरी 'रव्ह्यू द पारी'त १ ऑक्टोबर ते १५ डिसेंबर १८५६ अशी सहा हप्त्यांत आली. तिसऱ्या भागाच्या पहिल्या प्रकरणात लेओं एमाला रुआँच्या कॅथीड्रलबाहेर भाड्याच्या बग्गीत बसवतो. पडदे ओढलेले. बग्गी गावभर फिरत राहते, गाडीवान थांबायला बघतो की आतून 'पुढे चला' असा आवाज येतो. आत काय चाललंय याचं एकही वाक्य नाही. आहे ती रस्त्यांची, पुलांची, चौकांची लांबलचक यादी, आणि घामाघूम झालेला, तहानेने कावलेला गाडीवान. मग भर दुपारी पिवळ्या कापडी पडद्याखालून एक उघडा हात बाहेर येतो आणि कागदाचे कपटे भिरकावतो. ते पांढऱ्या फुलपाखरांसारखे लाल फुललेल्या गवताच्या शेतावर जाऊन पडतात. ते कपटे म्हणजे लेओंला नकार देण्यासाठी एमाने आदल्या रात्री लिहिलेलं पत्र. ते पत्र विसरलात तर त्या परिच्छेदाचा निम्मा अर्थ जातो.

हा प्रसंग खुद्द पाक्षिकाने गाळला. फ्लोबेर भडकला, आणि पुढची काटछाट झाल्यावर १५ डिसेंबरच्या अंकात त्याने टीप छापायला लावली : पुढील ओळींची जबाबदारी मी घेत नाही, वाचकांनी हे तुकडे समजावेत, सलग कृती नव्हे.

परिणाम उलटा झाला. 'इथे काहीतरी होतं' याची जाहिरातच झाली. पिनारने भाषणात त्याचा पुरेपूर वापर केला. पाक्षिक बग्गीचे पडदे पाडतं, पण त्यांच्या भेटीच्या खोलीत मात्र आपल्याला शिरू देतं, असं तो म्हणाला. म्हणजे जो प्रसंग पाक्षिकाने छापलाच नाही तो पुराव्यासारखा न्यायालयात आला. घाबरून केलेली काटछाट आरोपीच्याच अंगावर येते, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

दप्तरी

@रुआँची_गल्ली, +१. आणि हे सगळं आज शब्दशः वाचता येतं ते फ्लोबेरमुळे. त्याने स्वतःच्या खर्चाने, ताशी ६० फ्रँक देऊन, लघुलेखक बसवला होता. १८७३ च्या शार्पांतिए आवृत्तीत पिनारचं भाषण, बचावाचं भाषण आणि निकाल हे तिन्ही कादंबरीच्या मागे छापले. बोदलेअरला हे परवडण्यासारखं नव्हतं.

अनुराधा कुं.

निकालांतल्या फरकाचं माझं उत्तर : हे सगळं 'वाक्य कोणाचं' या प्रश्नावर फिरतं.

पिनारचा सर्वांत नेमका हल्ला बघा. दुसऱ्या भागाच्या पंधराव्या प्रकरणात एमा रुआँच्या नाट्यगृहात ऑपेरा बघते आहे. तिथे 'लग्नाचे डाग आणि व्यभिचाराचा भ्रमनिरास' अशा अर्थाचा शब्दप्रयोग येतो. पिनार म्हणाला, दुसरा कोणीही 'लग्नातला भ्रमनिरास आणि व्यभिचाराचे डाग' असं लिहिलं असतं. त्याचं बरोबर होतं, खटकायला हवं ते त्याला खटकलं. फक्त ते वाक्य लेखकाचं मत नाही. एमाच्या मनात चाललेलं निवेदकाच्या तिसऱ्या पुरुषात उतरलं आहे, 'ती म्हणाली', 'तिला वाटलं' असा खांब न रोवता. तसंच नवव्या प्रकरणात आरशासमोर 'मला प्रियकर आहे!' म्हणून ती उजळून निघते तिथे. पिनार विचारतो, या पुस्तकात या बाईला दोषी ठरवू शकेल असं कोण आहे? नवरा? तो तिच्या मृत्यूनंतरही तिच्यावर जीव टाकतो. धर्मगुरू? तो पोटापलीकडे बघत नाही. उत्तर : कोणी नाही. समीक्षक म्हणून पिनारचं हे वाचन त्या काळच्या बहुतेक परीक्षणांपेक्षा सरस आहे, हे मान्य करावंच लागतं.

बचावाचा वकील ज्यूल सेनार मूळ रुआँच्या वकीलवर्गातला, १८४८ च्या राष्ट्रीय सभेचा माजी अध्यक्ष आणि गृहमंत्री. चार तास बोलला. त्याची रीत अशी : पिनारने वाचलेल्या प्रत्येक उताऱ्याच्या आधीची आणि नंतरची पानं मोठ्याने वाचायची. सुखाचं पान वाचलं की लगेच पश्चात्तापाचं पान. मरणासन्न एमाला धर्मगुरू पवित्र तेल लावतो त्या प्रसंगात डोळे, नाकपुड्या, ओठ, हात, पाय यांवर तेल लावताना प्रत्येक अवयवाने केलेल्या सुखभोगाचा उल्लेख येतो. पिनारला ही धर्माची विटंबना वाटली. सेनारने चर्चचा विधिग्रंथच काढून दाखवला की हा क्रम आणि हा विचार तिथलाच आहे. मेरिमेच्या एका कथेतला घोडागाडीचा प्रसंगही पुढे ठेवला. मेरिमे हा सम्राटाच्या दरबारातला माणूस, त्यामुळे त्यावर बोट ठेवणं न्यायाधीशांना अवघड.

निकालाने लेखकाला झापलं, 'ओंगळ आणि अनेकदा धक्कादायक वास्तववाद' म्हणून, आणि सोडून दिलं. कादंबरी सलग असते, शेवटी बाई मरते, आणि त्या शेवटाकडे बोट दाखवून 'ही शिक्षाच आहे' म्हणता येतं. सेनारने पुस्तक वाचवलं ते त्याला सरळसोट बोधकथा करून. फ्लोबेरने छापील आवृत्ती कृतज्ञतेने त्याला अर्पण केली आहे. तरी त्या भाषणातली कादंबरी ही फ्लोबेरने लिहिलेली कादंबरी नव्हे.

शब्दवेल्हाळ

अनुराधाताईंचाच धागा बोदलेअरपर्यंत ओढतो.

त्याने आपल्या वकिलासाठी काढलेल्या टिपणांतही हाच मुद्दा आहे : पुस्तक अखंड म्हणून वाचा, त्यातून भयंकर नीती निघते. पण कवितासंग्रहाला क्रमांक असतात. न्यायालयाने सरळ क्रमांकच लिहिले : २०, ३०, ३९, ८०, ८१ आणि ८७ वगळा. कादंबरीचं असं करता येत नाही.

सहा कविता अशा : 'ले बिझू', 'ल लेते', 'आ सेल की ए त्रो गे', 'लेस्बोस', 'फाम दाने' (देल्फीन आणि इपोलित) आणि 'ले मेतामॉर्फोझ द्यू व्हांपीर'. धर्माच्या अवमानाचा आरोप टिकला नाही, म्हणून 'सैतानाची स्तोत्रं', 'संत पीटरचा नकार' या कविता बचावल्या. देवाला नाकारणं चाललं, शरीर चाललं नाही. साम्राज्याला चर्चपेक्षा बूर्झ्वा घराची काळजी जास्त होती, असा मी याचा अर्थ लावतो.

जवळून पाहण्यासारखं हे : 'फाम दाने' नावाच्या दोन कविता संग्रहात पाठोपाठ आहेत, ८१ आणि ८२. दोन्हींत स्त्रियांचं स्त्रियांवर प्रेम. ८२ राहिली, ८१ गेली. ८२ मध्ये कवी लांबून त्या बायकांकडे करुणेने बघतो. ८१ मध्ये देल्फीन स्वतः बोलते आणि विचारते, प्रेमापुढे नरकाचं नाव काढायची हिंमत कोणाची? कवितेच्या शेवटच्या कडव्यांत या दोघींना खाली नरकाकडे हाकललं आहे, तरी ती सुटली नाही. एमासारखंच : पात्राला स्वतःचा आवाज दिला की कायदा बिथरतो.

आणि हे कायदेपंडितांच्या मुद्द्याशेजारी ठेवा. फ्रान्सच्या दंडसंहितेत १७९१ पासून समलिंगी संबंध हा गुन्हाच नव्हता. पत्नीचा व्यभिचार मात्र गुन्हा होता. तरी व्यभिचारावरची कादंबरी सुटली आणि स्त्री-स्त्री प्रेमावरची कविता दोषी ठरली. खऱ्या आयुष्यातला गुन्हा आणि कागदावरचा गुन्हा यांचा असा मेळ बसत नाही. व्यभिचारात नवरा, घर, वारसा सगळं शिल्लक राहतं, फक्त नियम मोडतो. 'लेस्बोस'मध्ये नवरा कथेतच नाही.

कायदेपंडित_नाशिक

शेवटचा मुद्दा जबरदस्त. एक भर : ३९ क्रमांकाची कविता बोदलेअरने डिसेंबर १८५२ मध्ये साहित्यिकांच्या बैठका भरवणाऱ्या आपोलोनी साबातिएला निनावी पाठवली होती. शेवटी तो तिच्या अंगात आपलं 'विष' ओतायची भाषा करतो. न्यायाधीशांनी त्याचा शब्दशः, रोगट अर्थ घेतला. बोदलेअरने पुढे १८६६ च्या 'लेझेपाव्ह'मध्ये (वगळलेल्या सहा कविता ज्यात पुन्हा छापल्या तो संग्रह) टीप छापली की विष म्हणजे खिन्नता, इतका साधा अर्थ या फौजदारी मंडळींना सुचला नाही.

पूर्णविराम

सगळं पटतंय, पण तुम्ही सगळे मजकुरालाच फार भाव देताय. मी माणसं मोजतो.

फ्लोबेरचे वडील रुआँच्या मोठ्या रुग्णालयाचे मुख्य शल्यचिकित्सक, मागून भाऊ आशीलही त्याच हुद्द्यावर. १८५७ हे निवडणुकीचं वर्ष. जानेवारीत गुस्ताव्ह भावाला लिहितो की आपलं घराणं रुआँत वजनदार आहे आणि आपल्याला दुखवलं तर निवडणुकीत अडचण होईल, हे गृहखात्याच्या कानावर जाऊ दे. सेनारसारखा माजी मंत्री वकील. ओळखीपाळखी सगळ्या राबवल्या.

बोदलेअरचं काय होतं? सावत्र बाप जनरल ओपिक, सेनेटर, पण हाडवैर, आणि तोही एप्रिलमध्ये वारलेला. १८४४ पासून त्याचे पैसे न्यायालयाने नेमलेल्या पालकाच्या ताब्यात. समीक्षक सँत-बव्हने खाजगीत बचावाचे मुद्दे दिले, जाहीर एक ओळ लिहिली नाही. ५ जुलैला 'ल फिगारो'त बुर्दँचा झोडपणारा लेख आला आणि दोनच दिवसांत प्रकरण सरकारी वकिलाकडे गेलं. ११ जुलैला बोदलेअर प्रकाशकाला लिहितो, सगळ्या प्रती लपवा. १४ जुलैला 'ल मोनितर' या सरकारी पत्रातच एदुआर तिएरीचं अनुकूल परीक्षण आलं, म्हणजे सरकारातही एकमत नव्हतं. बोदलेअरने असे चार लेख जमवून पुस्तिका छापली. उपयोग शून्य. खटल्याच्या दोन दिवस आधी तो साबातिएला लिहितो की फ्लोबेरला सम्राज्ञीचा आधार होता, मला एक स्त्री कमी पडते आहे. नोव्हेंबरमध्ये त्याने सम्राज्ञी यूजेनीलाच अर्ज केला तेव्हा ३०० चे ५० फ्रँक झाले.

शब्दवेल्हाळ

@पूर्णविराम, वजन होतंच, नाकारत नाही. पण नुसत्या वजनाने ८१ गेली आणि ८२ राहिली हे कळत नाही. ते कळायला मजकूरच लागतो.

दप्तरी

स्यूबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. १८५० मध्ये पॅरिसमधून समाजवादी म्हणून निवडून आला, सत्तापालटानंतर हद्दपारी, आणि निकाल लागायच्या आधीच ३ ऑगस्ट १८५७ ला आनसीत मेला. 'ले मिस्तेर द्यू पप्ल' म्हणजे एका कष्टकरी घराण्याची शतकानुशतकांची कहाणी, वर्गणीदारांना भागाभागांनी पोचवली जाणारी. निकालात नीतिभंग आहेच, पण जोडीला नागरिकांमध्ये द्वेष पसरवणं आणि सरकारविरुद्ध चिथावणीही आहे. प्रकाशक लाशात्रला कैद आणि दंड, प्रती नष्ट करायचा हुकूम. मृण्मयी, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे. महागड्या कवितासंग्रहावर ३०० फ्रँक, कामगाराच्या घरात हप्त्याने जाणाऱ्या पुस्तकावर तुरुंग. 'सदाचार' हे कलम दोन्हीकडे आहे, पण दुसरीकडे ते नुसतं दाराला लावायचं कुलूप होतं.

रुआँची_गल्ली

कादंबरीत राजकारण उघड कुठे येतं असं कोणी विचारलं तर दुसऱ्या भागातलं आठवं प्रकरण. शेतकी प्रदर्शन. खाली मैदानात सरकारी सल्लागाराचं राजनिष्ठ भाषण, वर नगरपालिकेच्या दालनात रोदोल्फ एमाला पटवतो आहे. पुढे पुढे एक ओळ प्रेमाची, एक बक्षिसाची : शेणखताचं बक्षीस, डुकरांचं बक्षीस. शेवटी चोपन्न वर्षं एकाच शेतावर राबलेल्या कातरीन लरू या म्हातारीला २५ फ्रँकचं चांदीचं पदक. दोन्ही भाषणं सारखीच झिजलेल्या नाण्यांची आहेत आणि म्हातारी फक्त जाता जाता स्वतःशी पुटपुटते. पिनारला यात काही आक्षेपार्ह दिसलं नाही!

पुढचं पाऊल म्हणजे फ्लोबेरचीच १८६९ ची कादंबरी 'लेद्युकासिआँ सांतिमांताल'. फेब्रुवारी १८४८, बाहेर क्रांतीची गर्दी जमते आहे आणि नायक फ्रेदेरिक र्‍यू त्राँशे या रस्त्यावर, ज्या विवाहित मादाम आर्नूवर त्याचं प्रेम आहे तिची वाट बघत उभा. तिचा मुलगा आजारी पडतो, ती येत नाही. तिच्यासाठी सजवलेल्या खोलीत तो दुसऱ्या दिवशी रोझानेतला नेतो, रस्त्यावर गोळीबार चालू असताना. याच्यावर खटला झाला नाही.

मृण्मयी_व

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. आता वाचायला घ्यायचं तर कोणती आवृत्ती? न्यायालयाने जे वाचलं तेच वाचायचं आहे.

अनुराधा कुं.

इथे हमखास चूक होते ती बोदलेअरबाबत. बाजारातल्या बहुतेक प्रती १८६१ च्या दुसऱ्या आवृत्तीवर बेतलेल्या असतात. तीत सहा कविता नाहीत, ३२ नव्या आहेत, एकूण १२६, आणि क्रम बदललेला. सहा कविता 'लेझेपाव्ह'मधून घेऊन मागे परिशिष्टात जोडतात. त्यामुळे 'लेस्बोस'शेजारी कोणती कविता होती ते कळतच नाही. १८५७ ची रचना, म्हणजे प्रस्तावनेची कविता अधिक १००, अशी छापलेली प्रत मागा आणि निकालातले क्रमांक जुळतात का पाहा. वीसला 'ले बिझू' आली तर प्रत बरोबर.

'बोव्हारी'ची हस्तलिखितं रुआँच्या ग्रंथालयात आहेत आणि साडेचार हजारांवर पानं रुआँ विद्यापीठाच्या केंद्राने जालावर खुली ठेवली आहेत, उतरवून काढलेल्या मजकुरासकट. बग्गीच्या प्रसंगाचे खर्डे तिथे बघा. इंग्रजीतून वाचणाऱ्यांना जालावर फुकट मिळतो तो बहुधा १८८६ चा एलेनॉर मार्क्सचा अनुवाद. होय, कार्ल मार्क्सचीच मुलगी. तो छापणारा व्हिझेटेली पुढे झोलाच्या अनुवादांसाठी इंग्लंडात तुरुंगात गेला.

क्रम असा ठेवा : दुसऱ्या भागातली ८, ९ आणि १५ ही प्रकरणं, तिसऱ्यातली १, ६ आणि ८, मग पिनारचं भाषण, मग सेनारचं. सेनार आधी वाचू नका, त्याची बोधकथा डोक्यात बसते आणि पुसत नाही.

दप्तरी

आणि शेवटचा कागद : २५ सप्टेंबर १९४६ च्या कायद्याने पुस्तकांवरच्या जुन्या शिक्षांची फेरतपासणी मागायची सोय झाली, तो अर्ज लेखकांच्या संस्थेने करायचा. त्यानुसार ३१ मे १९४९ ला फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने बोदलेअरची शिक्षा रद्द केली. तो निकाल दोनेक पानांचा आहे, १८५७ च्या निकालाशेजारी ठेवून वाचा.